आग आमच्याकडेच!

साल एकोणीसशे त्र्याऐंशी. त्या वर्षी आमच्या गावच्या रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर आग लागायची होती. वार ठरला होता, गुरुवार. वेळ ठरली होती, सकाळचे अकरा. फक्त नेमकी कुठे लागायची एवढंच ठरायचं राहिलं होतं, आणि तिथेच सगळं घोडं अडलं!

"आठ मिनिटं कशाला? माझा वॉर्ड पाच मिनिटांत रिकामा करून दाखवते. आगीला पत्ताही लागायचा नाही!" थोरलीने मोठ्या डॉक्टरांना छातीठोकपणे सांगून टाकलं.

थोरली म्हणजे बायकांच्या वॉर्डाची प्रमुख सिस्टर. मधल्या दारापलीकडे पुरुषांचा वॉर्ड, त्याची प्रमुख धाकटी. दोघी सख्ख्या जावा. एका घरात राहायच्या, एकाच रस्त्याने कामावर यायच्या, पण मध्ये दहा पावलांचं अंतर राखून. तीन वर्षं अबोला होता. कारण काय? तर थोरलीने धाकटीच्या लेकीच्या अक्षराला "अगदी डॉक्टरी अक्षर गं बाई" म्हटलं होतं. नर्सच्या घरात याहून मोठी शिवी नाही!

कामाचं बोलणं वॉर्डातल्या मावशींमार्फत चाले. "मावशी, त्यांना म्हणावं सलाइनचा स्टँड परत द्या," असं थोरली म्हणायची, तेव्हा धाकटी चार हातांवर तोच स्टँड धरून उभी असायची!

अशात अग्निशमन खात्याचं पत्र आलं, गुरुवारी अकराला लुटुपुटीच्या आगीची परीक्षा घेणार म्हणून. तिथल्या अधिकाऱ्याला सगळे बंबवाले साहेब म्हणत. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं : आजारी माणसांना जिन्यावरून रस्त्यावर पळवायचं नाही. ज्या वॉर्डात आग, तिथले पेशंट त्याच मजल्यावरच्या शेजारच्या वॉर्डात न्यायचे आणि मधलं जड लोखंडी दार लावून घ्यायचं. हे आठ मिनिटांत जमलं तर प्रमाणपत्र, नाही जमलं तर पहिल्या तारखेपासून वरच्या मजल्याला कुलूप. आणि शेवटची ओळ : 'आग कोणत्या वॉर्डात लागली असे धरावे, हे दोन्ही वॉर्डप्रमुखांनी आपसात ठरवावे.'

आपसात! वाचून मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पत्र मावशींच्या हातात देऊन ते राउंडला निघून गेले.

कुलूप लागलं असतं तर चोवीस पेशंट तीन तासांच्या वाटेवरच्या मोठ्या रुग्णालयात गेले असते. थोरलीच्या वॉर्डात मांडीचं हाड मोडलेल्या एक आजी होत्या. त्यांचे यजमान रोज चार वाजता काठी टेकत यायचे, तासभर बसायचे, दोघं मिळून चार वाक्यं बोलायची. ते म्हातारं माणूस तीन तासांच्या वाटेवर कुठून जाणार? प्रमाणपत्र मिळवायचंच, हे थोरलीने मनाशी पक्कं केलं. आणि मिळवायचं तर काम आपल्याच हातात हवं. दुसऱ्या वॉर्डाने नुसती जागा करून द्यायची, त्यात काय मोठं? आग आपल्याकडेच लागली पाहिजे!

पलीकडे धाकटीनेही हुबेहूब हेच ठरवलं होतं.

"मावशी, सांगा त्यांना, आग आमच्याकडे. मोठीचा मान असतो."

मावशी गेल्या आणि परत आल्या. "त्या म्हणतात, मोठेपणा घरी. आग त्यांच्याकडे. त्यांचे पेशंट वजनदार आहेत, खरी परीक्षा तिथेच."

"वजनदार! आणि माझ्या काय कापसाच्या आहेत?"

मावशींनी अशा अकरा खेपा घातल्या. गुडघे बोलायला लागले. बाराव्या खेपेला त्या मधल्या दारात थांबल्या, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि दोन्हीकडे जाऊन एकच सांगितलं, "हो म्हणाल्या. आग तुमचीच!"

मग काय विचारता! चार दिवस दोन्ही वॉर्डांत दणक्यात सराव चालला. कुणाला चाकांच्या खाटेवरून न्यायचं, कुणाला खुर्चीतून, कुणाला गादीसकट ओढत, सगळं पाठ. दारापलीकडे खाटा सरकल्याचे आवाज आले की थोरली मनात म्हणायची, आपल्यासाठी जागा करतेय बिचारी. धाकटीलाही इकडच्या आवाजांनी भरून यायचं.

गुरुवारी अकराला बंबवाले साहेब गळ्यात घड्याळ अडकवून मधल्या दारापाशी उभे राहिले. घंटा वाजली!

थोरलीची पहिली खाट, आजींची, तोफेच्या गोळ्यासारखी सुटली. धाकटीची पहिली खाटही सुटली. तिच्यावर पाय बांधलेले एक निवृत्त हेडमास्तर होते. दाराची रुंदी दीड खाटेची. धडाम्! दोन्ही खाटा दारात अशा रुतल्या की जशा काही तिथेच घडवल्या होत्या.

मागून खुर्च्या आल्या. खुर्च्यांमागून गाद्या आल्या. कुणाचं सलाइन कुणाच्या खाटेला अडकलं. हेडमास्तर ओरडले, "रांगेत या! डाव्या बाजूने!" पण त्यांची डावी ती आजींची उजवी!

"मावशी! सांगा त्यांना, मागे व्हा म्हणावं!" थोरली गरजली.

मावशी कपड्यांच्या खोलीत आतून कडी लावून बसल्या होत्या.

मग थोरलीने जवळ होतं ते माणूस धरलं. "साहेब, त्यांना सांगा, आग आमच्याकडे आहे!"

"बाई, त्या म्हणतात आग त्यांच्याकडे आहे," साहेब धाकटीकडे वळून म्हणाले.

"त्यांना म्हणावं, खोटं!" धाकटी म्हणाली.

"त्या म्हणतात, खोटं," साहेबांनी पोहोचवलं. असे पाच निरोप झाल्यावर साहेबांच्या लक्षात आलं की आपण परीक्षा घ्यायला आलो आहोत. घड्याळात तेवीस मिनिटं झाली होती.

"नापास!" साहेब म्हणाले. "दोन्ही वॉर्ड पेटलेत, आणि तुम्ही यांना त्या आगीत आणि त्यांना या आगीत घालताय! कुलूप लागणार."

थोरली दारात आडवी उभी राहिली. "मग आधी मला आत घालून लावा. सत्तावीस वर्षं झाली इथे. एक संधी द्या, साहेब. एकच."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं. "अर्धा तास देतो. पण आग कुठे ते आत्ता, माझ्यासमोर, एकमेकींच्या तोंडाकडे बघून ठरवा. मी निरोप नेणार नाही!"

दोघी जावा भिंतीकडे बघत उभ्या. शेवटी आजीच खाटेवरून बोलल्या, "बोल की गं बाई! आमचे हे चारला यायचेत."

तीन वर्षांनी पहिल्यांदा थोरलीने धाकटीच्या डोळ्यांत पाहिलं.

"अगं... आग तुझ्याकडे लागू दे."

धाकटीचा चेहरा कसनुसा झाला. "नको, जाऊबाई. तुम्ही मोठ्या. आग तुम्हीच घ्या."

"छे छे, पेशंट वजनदार तुझे."

"आणि तुमच्या काय कापसाच्या आहेत? घ्या हो, माझ्यासाठी घ्या!"

"मुळीच नाही. तुझ्या लेकीचं अक्षर मोत्यासारखं आहे, माझंच चुकलं. आग तुझी!"

"बायांनो," साहेब कळवळून म्हणाले, "आता मी खरी लावीन हं!"

आग धाकटीकडे लागली. थोरलीने भराभर खाटा भिंतीकडे सारून जागा केली, आणि जागा करणं हे काही कमी कष्टाचं काम नाही, हे तिला तेव्हा कळलं. शेवटी पेशंटचे कागद छातीशी धरून धाकटी धावत आली. थोरलीने तिला मनगटाला धरून आत ओढलं आणि दार लोटलं. सात मिनिटं दहा सेकंद!

आजी दोन महिन्यांनी काठी घेऊन घरी गेल्या. मग दोघं दोन काठ्या टेकत फिरायला निघायची. हेडमास्तरांनी बरं झाल्यावर दाराच्या दोन्ही बाजूंना बाण रंगवून दिले. मावशींना निरोपांचं काम उरलं नाही. त्या म्हणत, गुडघे बरे झाले पण दिवस जाता जात नाही. थोरली दोन वर्षांनी निवृत्त झाली, धाकटी तिच्यानंतर सात वर्षांनी. बंबवाले साहेब बढती मिळून दूर गेले.

जाण्याआधी त्यांनी तपासणीच्या छापील तक्त्यात स्वतःच्या हाताने एक रकाना वाढवून ठेवला होता : 'वॉर्डप्रमुख आपसात बोलल्या काय? होय / नाही.' तो पुढे तसाच छापला गेला. आता तिथे दोन तरुण मुली प्रमुख आहेत, जिवाभावाच्या मैत्रिणी, दिवसभर तोंडाला खंड नाही. तरी दर वर्षी त्या निमूटपणे 'होय'वर खूण करून सही करतात. हा नियम कोणत्या कायद्यातला, हे मात्र आजवर कुणालाच सापडलेलं नाही!