एका बोक्याचे तीन केसपेपर

जेवणाची ताटं उचलता उचलता रोकियाने निकाल दिला, आणि मुस्तापा मास्तरांनी तो पस्तीस वर्षांच्या संसाराच्या सवयीने मान खाली घालून ऐकला. दीड महिन्यावर त्यांच्या मुलीचा, आइनाचा, साखरपुडा होता. मुलाकडची मंडळी विड्याच्या पानांचं तबक घेऊन येणार, गालिच्यावर बसणार, आणि त्याच गालिच्यावर घरचा बोका तोम्पोक अंगावर गजकर्णाचे चार चट्टे मिरवत लोळणार.

“तोवर बरा झाला तर ठीक,” रोकिया म्हणाली. “नाहीतर मासळीबाजारात सोडून या. तिथे अशी पन्नास आहेत.”

ती पन्नास मास्तरांनी पाहिली होती. कुणाचा कान गेलेला, कुणाचा डोळा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तरांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा घरात तोम्पोक एकटाच होता.

दुसऱ्याच दिवशी ते त्याला टोपलीत घालून डॉक्टर चोंगबाईंकडे गेले. बाईंनी औषधी शाम्पू दिला. आठवड्यातून दोनदा आंघोळ, दहा मिनिटं फेस अंगावर ठेवायचा, मग मलम, आणि चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर. दहा मिनिटं म्हणजे किती वेळ, हे मांजराला न्हाऊ घातल्याशिवाय कळत नाही. जन्मभर दांडगी पोरं सांभाळलेल्या मास्तरांचे हात कोपरापर्यंत सोलून निघाले. तरी रविवार आणि बुधवार त्यांनी चुकवला नाही. बोक्याला घरात कोंडायलाही सांगितलं होतं, पण तो दाराशी बसून असा गळा काढायचा की डोकं दुखतं म्हणून रोकियाच दार उघडायची.

महिना झाला. गुण येण्याऐवजी बोक्याचं पोट लाल आणि पार उघडं पडलं. मधूनच तो ओलाचिंब होऊन घरी यायचा, बाहेर कडक ऊन असताना. एकदा प्लास्टिकची कॉलर गेली आणि तिच्या जागी पुठ्ठ्याची आली, होडीच्या पुढच्या टोकावर असते तशी लाल-हिरवी वेलबुट्टी काढलेली. मास्तर आता थकले होते. शेवटी एका सोमवारी सकाळी ते बोक्याच्या मागोमाग निघाले.

तोम्पोक तीन घरं सोडून मिनाहच्या मागच्या अंगणात शिरला. मिनाह विधवा बाई, माशाचे वडे तळून विकायची. मास्तर पोचेपर्यंत कढई बाजूला ठेवून तिने बोक्याला टबात बसवलं होतं आणि घड्याळाकडे बघत ती त्याला फेस चोळत होती. बाटली तीच, मास्तरांच्या घरी होती ती.

“मिनाहताई, हा माझा बोका आहे,” मास्तर म्हणाले.

“तुमचा? मास्तर, हा राजा. चार वर्षं माझ्याकडे जेवतोय. मी मलम लावते आणि कोण मेला ते धुऊन काढतो कुणास ठाऊक. सापडू दे एकदा, बघतेच त्याच्याकडे.”

मास्तरांनी पाठीमागे हात लपवले. हा आवाज ऐकून समोरचा देरामन आला. तो होड्या रंगवायचा. बोक्याकडे बोट दाखवत तो म्हणाला की आमच्या बुयुंगला आज कशाला भिजवताय, त्याचा वार उद्या आहे. मग तिघांनी तिथेच हिशेब लावला. रविवार-बुधवार मास्तर, सोमवार-गुरुवार मिनाह, मंगळवार-शनिवार देरामन. साऱ्या गावाला असते ती शुक्रवारची सुट्टी तेवढी बोक्यालाही मिळत होती.

तिघं टोपली धरून दवाखान्यात गेले. चोंगबाईंनी बोका पाहिला, तिघांची तोंडं पाहिली आणि कपाटातून तीन वेगळ्या नावांचे तीन केसपेपर काढून टेबलावर मांडले. ठिपक्याठिपक्यांच्या बोक्यांनी गाव भरलेलं, त्यांना तरी काय आठवणार.

“गजकर्ण कधीच गेलंय,” त्या डोळे चोळत म्हणाल्या. “हे सगळं धुण्यामुळे झालंय. आठवड्यातून सहा वेळा तर मी स्वतःसुद्धा डोक्यावरून न्हात नाही. तीन आठवडे याला कुणी हात लावू नका. एकाच घरात ठेवा.”

मिनाहकडे उकळतं तेल, देरामनकडे रंग, म्हणून बोका मास्तरांकडे राहायचं ठरलं. साखरपुडा अकरा दिवसांवर होता. अकरा दिवसांत केस उगवत नाहीत, हे मास्तरांनी घरी सांगून पाहिलं.

“साखरपुड्याच्या शुक्रवारी मागच्या खोलीत कोंडा,” रोकिया म्हणाली. “शनिवारी बाजार. बोलणं झालं होतं आपलं.”

शुक्रवारी मंडळी आली. विड्याचं तबक मध्ये ठेवलं गेलं, मुलाचे काका घसा खाकरून मागणी घालायला लागले, आणि त्याच वेळी कुणीतरी जादा ताटल्यांसाठी मागची खोली उघडली. तोम्पोक गालिच्यावरून सावकाश चालत आला. पोट गुलाबी, पाठीवर टकलं पडलेली. काका थांबले. आइनाने डोळे मिटून घेतले. मास्तर अर्धवट उठले, पण बोक्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो थेट रोकियाच्या मांडीवर चढला, पुढचे दोन्ही पाय तिच्या खांद्यावर टाकले आणि तिच्या मानेत डोकं खुपसून घुरघुरायला लागला. रोकियाने कुणाकडेही न बघता त्याच्या बुडाखाली हात दिला. रोज दिल्यासारखा.

रेशमी बाही कोपरापर्यंत घसरली. हातावर रुपयाएवढे दोन गोल चट्टे होते, चांगले जुने.

मास्तर बघतच राहिले. रोज दुपारी ते चहाच्या टपरीवर असताना घरात काय चालत असे, ते त्यांना आता कळलं. महिनाभर आपण ओरबाडून घेतलं आणि हा इथे झोपत होता, असं वाटून त्यांना थोडं वाईटही वाटलं.

मुलाची आई पुढे सरकली. तिने रोकियाचा हात हातात घेऊन नीट पाहिला.

“मलम कोणतं लावता?” तिने हळूच विचारलं आणि हनुवटीखाली घेतलेला डोक्याचा रुमाल बोटभर बाजूला केला. तिथेही एक चट्टा होता. “आमच्याकडे अशी तीन मांजरं आहेत.”

काकांनी पुन्हा घसा खाकरला आणि मागणी पुरी केली.

शनिवारी सकाळी मास्तरांनी मुकाट्याने टोपली काढली. बोललेलं करून दाखवणारी बाई होती ती. रोकियाने चहाचा कप त्यांच्यासमोर जरा जोरातच ठेवला.

“अहो, बाजारातून मासळी आणा,” ती म्हणाली. “आणि ती टोपली आत ठेवा आधी, घाबरतो तो. येताना मलमही आणा. मोठी ट्यूब.”