बागूल सरांची चालती तपासणी

आमच्या विद्यापीठाच्या लेखन मदत केंद्रात बागूल सर बसलेल्या माणसाचं लिखाण तपासत नाहीत. खुर्च्या आहेत, पण त्यांवर जुने शब्दकोश रचून ठेवलेले. आपण कागद घेऊन गेलो की सर व्हरांड्यात चालू लागतात आणि आपण मोठ्याने वाचत त्यांच्यामागे धावायचं.

"दम लागला? मग वाक्य लांब झालं. तोड," ते मागे न बघता म्हणतात. व्हरांड्याच्या टोकाला गर्रकन वळतात, तिथे नवखा विद्यार्थी हमखास त्यांच्यावर आदळतो. वाक्य कितीही चांगलं असो, कौतुक नाही. फक्त "पुढे?" डबासुद्धा खिडकीशी उभ्याउभ्याच खातात. निवृत्तीनंतर ते इथे आले म्हणे, पण निवृत्तीची एकही खूण अंगावर दिसत नाही. "साहेबने एक जग्याए चेन नथी," असं आमचा गुजराती शिपाई म्हणतो.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा माझं वर्ष टांगणीला लागलं होतं. घरी बसून साड्यांवर टिकल्या लावणाऱ्या बायकांवर मी लघुप्रबंध लिहिला होता आणि मार्गदर्शक बाईंनी तो परत केला होता. शुक्रवारपर्यंत सुधारून दिला नाही तर नापास. वडिलांनी तर इच्छापोरच्या एका कारखान्यात माझ्या नोकरीचं विचारूनही ठेवलं होतं.

"सदर महिला कामगारांस दृष्टिदोष संभवतो, तथापि कौटुंबिक जबाबदाऱ्यांच्या अनुषंगाने..." मी धापा टाकत वाचत होते.

"या सदर महिला राहतात कुठे?"

"लिंबायतला, सर. त्यातली एक माझी आईच आहे."

सर व्हरांड्याच्या मधोमध थांबले. मागून येणारा एक मुलगा आमच्यावर धडकता धडकता वाचला.

"आईला तू सदर म्हणतेस? ती काय म्हणाली, तसंच सांग."

"ती अहिराणीत बोलते, सर."

"मग अहिराणीत सांग."

मी चाचरत म्हटलं, "मना डोया दुखतस, पन पोर शिकी ऱ्हायनी ना."

"पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं.

"पुन्हा."

आता हेही चुकलं की काय, म्हणून मी रडकुंडीला आले. सर मात्र खिडकीबाहेर बघत होते.

"मनी माय बी आशीच बोले," ते हळूच म्हणाले. "माय गयी, मंग बायको बी गयी. आते घरमा कोनी नही बोलाले."

मग एकदम चालू लागले. "ते वाक्य तसंच ठेव. खाली अर्थ दे. बाकीच्या बायकाही त्यांच्याच तोंडून बोलू देत. चल, पुढे?"

शुक्रवारी बाईंनी प्रबंध स्वीकारला. ते सांगायला गेले तर सर पुन्हा "पुढे?" म्हणाले.

"पुढे आमच्याकडे जेवायला, सर. आईनं बोलावलंय."

ते कपाट लावायचं आहे, कुलूप बघायचं आहे, असं काहीबाही पुटपुटले. पण आले.

आईने साड्यांचा ढीग बाजूला सारला, पाणी दिलं आणि विचारलं, "कोनता गावना, भाऊ?"

आम्हा सगळ्यांना बोलायला लावणारा हा माणूस रोज घरी जाऊन गप्प बसत असेल, हे माझ्या मनात आलं. सरांनी पेला तोंडाला लावला. पाणी कधीच संपलं होतं, तरी बराच वेळ त्यांनी तो खाली आणला नाही.