रामटेके सरांचं उसनं मंडळ

मयताच्या घरी काय बोलावं आणि काय बोलू नये, याचे काही नियम आहेत. ते रामटेके सरांना कोणी सांगितले नसावेत. आमच्या कॉलेजातले जुने हेडक्लार्क वारले तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. अंगणात सतरंजीवर त्यांचा मेहुणा दुपट्ट्याने डोळे पुसत बसला होता. सर त्याच्याजवळ सरकले, खांद्यावर हात ठेवला आणि दोन मिनिटं अगदी गप्प बसले. मला वाटलं, आज निभावलं. तेवढ्यात ते हळूच म्हणाले,

"भाऊ, मले एक सांगा. तुमाले पाच हजार रुपये भेटले तं तुम्ही काय करसान?"

मेहुण्याचा हुंदका अर्ध्यावर अडकला. त्याने सरांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बकरी घेईन जी."

"एक का दोन?"

"पाच हजारात दोन कुठी येते! एकच. पण गाभण पाहून घेईन."

"शाब्बास," सर म्हणाले, आणि खिशातून पेन काढून त्यांनी तळहातावर 'गाभण बकरी' असं लिहून घेतलं. मी सतरंजीचे दोरे मोजत बसले. खरं सांगायचं तर मेहुणा नंतर रडला नाही. आम्ही निघेपर्यंत तो बकरीला काय चारायचं यावरच बोलत होता.

धनराज रामटेके सर आमच्या चिमूरकडच्या छोट्याशा कॉलेजात खेळाचे शिक्षक आहेत. मी तिथेच ग्रंथपाल. सरांचं वय चोपन्न, अंगात बारा महिने निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. बुद्धजयंतीला ते पांढरा शर्ट घालतात, पण खाली ट्रॅकपँटच. लग्न केलेलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, "टाईमआउट घेतला होता, रेफरीनं शिट्टीच नाई वाजवली." त्यांचं सगळं जग मैदानावर आखलेलं आहे. प्राचार्यांची सभा लांबली की "हाफटाइम करा ना जी" म्हणतात. भाजीवाली वजनात मारते तेव्हा भर बाजारात "फाउल!" ओरडतात.

पाच हजारांचं हे खूळ कधी लागलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या कबड्डीच्या टीममधल्या सौरभचा वाढदिवस होता. पोट्ट्यांनी फाटकासमोर केक आणला, सुरी लावली, आणि एक तुकडाही कोणाच्या तोंडात न जाता सगळा केक सौरभच्या तोंडावर गेला. सर मैदानातून शिट्टी वाजवत धावत आले. आम्हाला वाटलं, आता मार पडणार. सरांनी सौरभच्या गालावरचं क्रीम एका बोटाने पुसलं आणि चाखलं.

"अननसाचा आहे," ते म्हणाले. "केवढ्याचा?"

"चारशेचा, सर."

"चारशेचा केक गालाले? गाल काय खाते का बे?"

मग त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. टीममध्ये बारा जण, म्हणजे वर्षाला बारा केक, चार हजार आठशे रुपये. "वरचे दोनशे माह्ये. झाले पाच हजार. एवढ्यात एखाद्या बाईचा धंदा उभा राह्यते, आन् तुम्ही क्रीम थापून राह्यले!"

पोरं हसली. पण सर दुसऱ्या दिवसापासून मागे लागले. ग्रंथालयात पुस्तक बदलायला आलेल्या पोराच्या कानाशी जाऊन "केक का धंदा?" असं विचारायचे. पोरगं दचकून पुस्तक टाकून पळायचं. शेवटी सौरभ कंटाळून हो म्हणाला, आणि मुलींच्या टीममधली प्रणाली मात्र मनापासून हो म्हणाली. आठ दिवसांत बारा जण जमले. त्यांना मंडळासाठी भारी इंग्रजी नाव हवं होतं. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'उसनं मंडळ'.

"आपण देव नाई, बँक नाई," सर म्हणाले. "शेजारी आहो. शेजारीन वाटीभर साखर मागते, आपण देतो. तिच्यापाशी आली का ते वापस आनते. त्यात व्याज राह्यते का?"

"नाई सर."

"राह्यते! एक कप चहा राह्यते. तेवढंच घेऊ."

नियम सगळे खेळाचे. दर रविवारी अडीचशे परत करायचे, म्हणजे एक डाव. घरात कोणी आजारी पडलं तर टाईमआउट, कारण विचारायचं नाही. पैसे परत आले की लगेच दुसऱ्या गरजूला. बुडाले तर खेळात हारजीत असतेच. मुलींसोबत एक मॅडम पाहिजे म्हणून मला कोणी न विचारता मंडळात घेतलं होतं.

पहिली उसनवारी आंबेबोडीच्या शेवंताबाई मडावींची ठरली. आंबेबोडी म्हणजे जंगलातलं चाळीस घरांचं गाव. गावात लग्न असो की तेरवी, स्वयंपाकाचे मोठे गंज, म्हणजे पातेली, तालुक्याहून भाड्याने आणावे लागत. शेवंताबाईंना दोन गंज घेऊन भाड्याने द्यायचे होते. आम्ही सगळे बसने तिच्या अंगणात पोहोचलो. सौरभने वहीत प्रश्न काढून ठेवले होते.

सरांनी वही काढून घेतली. "तू नाई विचारायचं. बाई विचारतीन. पैसा आपला हाये म्हणून का आपन परीक्षा घ्यायची? कोनाचे पैसे घरात घ्यायचे, थे पहिले बाईले पाहू दे."

शेवंताबाई पदर खोचून बाजेवर बसली आणि बारा जणांना ओळीने उभं केलं. पहिला नंबर सौरभचा.

"तुह्या बाप काय करते?"

"ऑटो चालवते, जी."

"आन् तुले मोबाईलले महिन्याले किती लागते?"

सौरभने आकडा सांगितला. शेवंताबाईने कपाळाला हात लावला. "बापाले ठाऊक हाये का? घरी झाडू मारतं का? मायले शेवटचं पानी कधी भरून देल्लं?"

सौरभला आठवेना. शेवंताबाईने त्याला नापास केलं. बाकीच्या अकरा जणांचे पैसे घेईन, याचे नाही, असं तिने स्वच्छ सांगितलं. कर्ज घेणाऱ्याने कर्ज देणाऱ्याला नाकारल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. सर एवढे खूष झाले की त्यांनी लांब शिट्टी वाजवली आणि गावातली सगळी कुत्री भुंकायला लागली. सौरभ आठ दिवस घरी पाणी भरत होता. पुढच्या रविवारी त्याच्या आईने फोनवर साक्ष दिली, तेव्हा कुठे त्याचे चारशे रुपये घेतले गेले.

गंज आणण्याची गोष्ट तर अजून कॉलेजात सांगतात. नागपूरच्या भांडेबाजारातून सर आणि पोरं दोन जुने पण दणकट गंज घेऊन बसमध्ये चढली. एकेका गंजात माणूस बसेल एवढा त्याचा घेर. कंडक्टर म्हणाला, "याचं तिकीट लागन."

"काऊन? तो काय सीटवर बसला का? उभा हाये बिचारा."

"दोन माणसाची जागा अडवली त्यानं."

"बारा वर्षाच्या आतला हाये," सर म्हणाले. "हाफ घ्या."

कंडक्टर ऐकेना. मग सर स्वतः गंजात उकिडवे बसले. "आता सांगा. माह्यं तिकीट काढलं हाये, मी कुठी बसाव थो माह्या प्रश्न." सगळी बस हसायला लागली आणि कंडक्टरने हात जोडले. पुढे पोरांनी दुसऱ्या गंजावर ताल धरला, तर भिशी गावाजवळच्या एका फाट्यावर लोक वरात आली समजून रस्त्यावर आले. आंबेबोडीच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा सरांचे गुडघे आखडले होते. त्यांना गंजासकट खाली उतरवावं लागलं.

मग रविवार सुरू झाले. सकाळी नऊची बस, दुपारी तीनची परतीची, कारण उन्हं उतरल्यावर त्या रस्त्याने वाघाचं येणंजाणं असतं. शेवंताबाई अडीचशे द्यायची, प्रणाली वहीत लिहायची, मग व्याजाचा चहा. पण चौदा जणांचा चहा म्हणजे बाईला केवढा भुर्दंड! म्हणून सर पिशवीत चहापत्ती, साखर आणि दूधपावडर घेऊन जायचे. म्हणजे मुद्दल बाई देणार आणि व्याज आम्हीच भरणार. असा सावकार सगळ्या जिल्ह्यात नसेल.

हळूहळू सर चहा झाल्यावरही रेंगाळायला लागले. शेवंताबाईच्या नवऱ्याशी मोहफुलं यंदा कशी आहेत यावर बोलायचे. गावच्या पोरांना कबड्डी शिकवायचे. कोणाच्या तरी छपराची कवेलू नीट करायला चढायचे आणि उतरताना दोन फोडायचे.

पंधराव्या रविवारी गडबड झाली. लग्नसराई जोरात झाली होती, गंज एक दिवसही घरी बसले नव्हते. शेवंताबाईने नेहमीच्या अडीचशेऐवजी उरलेले सगळे दीड हजार प्रणालीच्या हातात ठेवले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सौरभने तर उडी मारली.

सरांनी शिट्टी वाजवली. "फाउल! मॅच अजून पाच रविवार बाकी हाये."

"सर, जमले पैसे. घरात ठेवून काय करू?"

"तिसरा गंज घ्या. झारा घ्या. एवढी घाई कायची हाये तुमाले?"

कर्ज लवकर फिटलं म्हणून धनको चिडल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. सर पैसे परत तिच्या हातात कोंबत होते, ती ते प्रणालीला देत होती. शेवटी प्रणाली पुढे आली.

"सर, आपल्या यादीतला तो पंक्चरवाला महिन्यापासून वाट पाहून राह्यला. त्याले हवेचा पंप घ्यायचा हाये. पैसा फिरला पायजे, असं तुम्हीच म्हनता ना?"

सरांनी तिच्या हातातली वही घेतली. मग म्हणाले, "हो. मीच म्हनलो होतो." त्यांनी वहीवर सही केली. त्या दिवशी चहा न घेता ते फाट्यावर जाऊन बसले. बस यायला तासभर होता.

पुढच्या रविवारी मंडळाची वही द्यायला मी सरांच्या खोलीवर गेले. पंक्चरवाल्याचे डाव महिन्याभराने सुरू व्हायचे होते, त्यामुळे जायचं कुठेच नव्हतं. सर दाराच्या पायरीवर बसले होते. ट्रॅकसूट घातलेला, बुटांच्या नाड्या बांधलेल्या. आत स्टोव्हवर कुकर.

"कुठे निघालात, सर?"

"कुठीच नाई. बसलो आपला." त्यांनी एक नाडी सोडून पुन्हा बांधली. "मॅडम, सोमवार ते शनिवार पोट्टे राह्यते. रविवारी माह्याशी कोनी बोलत नाई. टीव्ही बोलते, पन थो माह्यं आयकत नाई."

एरवी मी हसले असते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांना फोन कानाला लावता येत नाही, स्पीकरवरच बोलतात, त्यामुळे शेवंताबाईचा आवाज सगळ्या गल्लीने ऐकला.

"सर, कुठी आहा? आज पुतनीच्या पोरीचं बारसं हाये. आमच्या घरधन्याची कंबर धरली. मोठा गंज चुलीवरून उतरवाले एक मानूस कमी पडून राह्यला. येता का?"

सर उभे राहिले. "येतो ना! पन बाई, मंडळाचं तं सगळं फिटलं. मी कायचा म्हणून येऊ?"

पलीकडून बायकांचा गलका ऐकू येत होता.

"उपाशी या," शेवंताबाई म्हणाली. "एवढं पुरे."

सरांनी घड्याळ पाहिलं. नऊची बस सुटायला दहा मिनिटं होती. ते आत धावले, स्टोव्ह बंद केला, गरम कुकर फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला, "तुम्ही खा मॅडम, खिचडी हाये," म्हणाले आणि स्टँडकडे पळत सुटले. चोपन्नाव्या वर्षी माणूस एवढा पळू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. दार सताड उघडं होतं. मी ते ओढून घेतलं, कडी लावली आणि कुकर सांभाळत घरी आले.

घरी झाकण उघडलं. एकट्या माणसाने, कुणी येणार नसताना, खिचडी दोघांची रांधली होती.