कॅप्टन कडाकाचं शेवटचं पान

माळा आवरताना कुंदनला कॅप्टन कडाकाचं कॉमिक सापडलं आणि आवराआवर तिथंच थांबली. नव्वदच्या दशकातला हा महाबली आता कोणाला आठवतही नव्हता. पण चौथीतल्या कुंदननं त्याच्यापायी आईची चादर गळ्यात बांधून घराच्या धाब्यावरून उडी मारली होती. शिडीवर बसूनच त्यानं भराभर पानं उलटली. कॅप्टननं खलनायकाच्या काळ्या बुरख्याला हात घातला, आणि पुढचं पानच नाही!

बुरख्याआड कोण, हे तेव्हाही कळलं नव्हतं. आता चाळिशी उलटली, जळगावात कॉलेजचा ग्रंथपाल झाला, फाटक्या पानांवरून पोरांना दंड करू लागला, तरी कळलं नाही म्हणजे काय! जिवाला लागलं ते.

"आई, याचं शेवटचं पान कुठंय?"

मंजुळाबाई गहू निवडत होत्या. "ते व्हय? बिबड्यास्ना डबाले बूडले टाकेल व्हतं मी. निया झाकणना डबा. तो गया पारोयाले, तुन्ही लिलामावशीकडे."

"पापडांच्या डब्यात बुडाला घातलेल्या कागदाचा इतक्या वर्षांत भुगा झाला असेल," कुंदनची बायको सविता म्हणाली.

"निळ्या झाकणाच्या त्या डब्यातला जुना कागद कोण काढतं? त्यावरच नवा घालतात." कुंदननं चपला चढवल्या.

"लिलाना बी एक डबा आपलाकडे शे. लई जा," आई म्हणाली.

"दे लवकर."

"रिकामा डबा कोठे धाडतस का? थांब, लाडू भरी देस."

पण कुंदनला दम कुठला! तो एरंडोलच्या पुढं पोचला तरी आईची हाक कानात होती.

पारोळ्यात लिलाबाईंनी आधी जेवायला बसवलं, मग सांगितलं, "निया झाकणना? तो ते दिपमालाले दिधा, लोनचं भरीसन."

दिपमाला ही त्यांची मुलगी, धुळ्यात दिलेली. कुंदननं हात धुतले आणि धुळ्याची बस पकडली. दिपमालानं दार उघडलं, ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"दादा, तो डबा तूच नाही का नेलास? माझ्या नणंदेच्या साखरपुड्याला आला होतास तेव्हा. शेव भरून दिली होती मी!"

कुंदनला शेव आठवली. बसमध्येच निम्मी संपवली होती. डबा मात्र ध्यानात नव्हता. काखेत कळसा नि गावाला वळसा!

संध्याकाळी घरी येऊन त्यानं निळ्या झाकणाचा डबा पालथा घातला. एकावर एक कागद सोलत गेला. सगळ्यात खाली ते होतं! त्यानं ते उजेडात धरलं. कॅप्टननं बुरखा ओढला होता. पण चेहऱ्यावर नेमका लोणच्याच्या तेलाचा डाग. खाली कॅप्टन ओरडत होता, 'अरे, हा तर पहिल्या पानावर कोपऱ्यात चहा पिणारा माणूस!'

कोपऱ्यात कोणी चहा पीत होतं? सकाळच्या घाईत कुंदननं पाहिलंच नव्हतं. त्यानं कॉमिक उघडलं. ते एकदम तिसऱ्या पानापासून सुरू होत होतं.

"आई, पहिलं पान?"

"तू गया आनि शेजारना जीवरामभाऊ पारोयाले निंघनात. लिलाना डबा धाडी दिधा त्यास्नासंगे. लाडूस्ना बूडले कागद नको का?"

"पण माझंच कॉमिक?"

"आखरीनं पान तू धुंडी राह्यंता. पहिलं ते तुन्हं वाची व्हयेल व्हतं ना!"

कुंदननं पुन्हा चपला घातल्या.

"थांब," मंजुळाबाई म्हणाल्या. "मावशीकडे रिकाम्या हाते जाशी का? याच डबामा बिबड्या भरी देस." आणि बुडाला घालायला कागद हवा म्हणून त्यांनी कॉमिककडे हात नेला.