कावळ्याचा आहेर

नात महिनाभर राहायला येणार म्हणून घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, हातात चिमटा घेतला आणि अख्खं घर विंचरून काढलं. गादीखालून, खिशांतून, एका घड्याळाच्या तर पोटातूनसुद्धा शेंगदाण्यांची सालं निघाली. जन्मभराचा चाळा तो!

लेकीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, एक दाणा पोटात गेला तरी तिचा गळा सुजतो. घरात एक जरी दिसला, तरी तिला आल्या पावली परत नेईन."

रोज खिडकीत येऊन दाणे मागणारा एक लंगडा कावळा होता. घड्याळजींनी डबाभर शेंगा लांबच्या बागेत नेऊन त्याच्यापुढे ओतल्या. "घे बाबा, तुझंमाझं हे शेवटचं."

कावळा उपकार विसरला नाही. नात आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळच्या दुधी उजेडात खिडकीत एक शेंग!  घड्याळजींनी ती चिमट्याने उचलली, खिडकी पुसली, साबणाने हात धुतले. तिसऱ्या दिवशी दोन. खिडकी लावली, तर शेंग पायरीवर. पायरीवर पहारा दिला, तर वाळत घातलेल्या मोज्यात.

बाकी सारं स्वप्नासारखं चाललं होतं. नात भिंतीला कान लावून घड्याळांची टिकटिक ऐकायची. "आजोबा, हे झोपेत बडबडतंय." आजोबांना मात्र झोपेत शेंगांचा पाऊस दिसायचा.

रविवारी लेक आली. चहाचा पहिला घोट घेते न घेते, तोच कावळा ऐटीत आत आला आणि तिच्या बशीत शेंग ठेवून निघून गेला.

भिंतीवरची सगळी घड्याळं श्वास रोखून थांबल्यासारखी वाटली.

"बाबा!"

"अगं, तो आपला... म्हणजे तसा तो..."

"थांब गं आई." नातीने फ्रॉकच्या खिशातून चिमटा काढला. शेंग झाकणाच्या बरणीत टाकली, बशी धुवायला ठेवली, टेबल पुसलं, हात धुऊन आली. मग कमरेच्या पिशवीतला, गळा सुजलाच तर टोचायचा इंजेक्शनचा पेन चाचपून दाखवला. "ही तेरावी. आजोबांच्या नजरेतून सुटतात त्या मी उचलते. त्यांना नाही सांगितलं. फार घाबरतात गं ते."

लेकीने बरणीकडे पाहिलं. मग डोळ्याला भिंग लावून तशाच उभ्या असलेल्या बापाकडे.

"राहू दे हिला इथेच," ती म्हणाली. "तुम्हाला एकट्याला सोडायचा मला धीर होत नाही."