मागणी, पुरवठा आणि खांद्यावरचं बाळ

अर्थशास्त्राचे सर गेली कित्येक वर्षं फळ्याला शिकवत होते. तोंड फळ्याकडे, पाठ वर्गाकडे, तास संपला की खडू झटकून बाहेर. तरी पहिल्या वर्षाच्या वर्गावर त्यांचा भारी जीव. विभागप्रमुख बाईंनी त्यांना बोलावून सांगितलं, की आता विद्यापीठात सगळ्या वयाची, सगळ्या परिस्थितीतली माणसं शिकायला येताहेत, तेव्हा त्यांना झेपेल असं शिकवा. महिनाअखेरीला मी वर्गात येऊन बसेन, जमलं नसेल तर हा वर्ग दुसऱ्याला आणि तुम्ही वेळापत्रकं आखायला कार्यालयात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. पहिल्या बाकावर निवृत्त पोस्टमास्तर आजोबा होते. त्यांना ऐकू कमी यायचं, बोलणाऱ्याचे ओठ पाहून ते समजून घ्यायचे.

"सर, तुमच्या मानेकडे बघून मला मागणी-पुरवठा कळत नाही हो," आजोबा म्हणाले.

मधल्या बाकावर रात्रपाळी करून आलेली नर्स पेंगत होती आणि दाराजवळ एक तरुण आई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती.

सरांनी कंबर कसली. आजोबांना ओठ दिसावेत म्हणून ते वर्गाकडे तोंड करून उभे राहिले आणि हात पाठीमागे नेऊन फळ्यावर लिहू लागले. आवाज चढवला, तर बाळानं भोकाड पसरलं. उतरवला, तर नर्स घोरायला लागली. शेवटी त्यांनी बाळ स्वतःच्याच खांद्यावर घेतलं, त्याला थोपटत, डुलत, भला मोठा आ वासून ते कुजबुजत शिकवू लागले आणि डुलता डुलता मधूनच नर्सच्या बाकाला हळूच धक्का देऊ लागले. घरी उशी खांद्यावर घेऊन याची तालीम चाले. बायकोनं विचारलं, तर म्हणाले, उद्याचा तास आहे. त्या माउलीनं तडक दिराला फोन लावला आणि एखादा चांगला डॉक्टर माहीत आहे का, म्हणून चौकशी केली.

तो दिवस आला. विभागप्रमुख बाई शेवटच्या बाकावर बसल्या. सर आत आले आणि दारातच थबकले. आजोबांच्या कानात नवं कोरं श्रवणयंत्र होतं. नर्सनं पाळी बदलून घेतली होती, ती टक्क जागी होती. बाळाला त्याच्या आजीकडे ठेवलं होतं. सरांची आज परीक्षा आहे, त्यांना आपला त्रास नको, असं तिघांनी परस्पर ठरवलं होतं.

झालं. सरांनी तोंड उघडलं आणि काही आठवेना. फळ्याकडे वळले, तर फळाही ओळख देईना. रिकाम्या खांद्यानं मागणी कशी वाढवायची तेच त्यांना उमजेना. तेवढ्यात तरुण आई उठली, तिनं आपली शाल गुंडाळली आणि सरांच्या खांद्यावर ठेवली. सर थोपटू लागले, डुलू लागले, आणि मागणी-पुरवठा भराभर आठवायला लागला. आजोबांनी श्रवणयंत्र काढून खिशात टाकलं आणि ओठांवर नजर लावली. सर पुन्हा बिचकू नयेत म्हणून नर्सनं शहाण्यासारखे डोळे मिटून घेतले.

तास संपल्यावर बाई पुढे आल्या. सर शाल छातीशी धरून उभे होते.

"तुम्ही विद्यार्थ्यांना कसं सांभाळता ते बघायला आले होते," बाई म्हणाल्या. "इथं तर तेच तुम्हाला सांभाळताहेत. राहू द्या वर्ग तुमच्याकडेच. दुसऱ्या कुठल्या वर्गात तुमचं काही खरं नाही."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी शालीलाच पुसलं.

दुसऱ्या दिवशी तरुण आई बाळाला घेऊन हजर. तिचे डोळे झोपेनं जड झाले होते.

"सर, काल घरी यानं डोळ्याला डोळा लागू दिला नाही," ती म्हणाली. "सासूबाई म्हणाल्या, याला अर्थशास्त्राशिवाय झोप यायची नाही."

यात आपलं कौतुक आहे की काय, ते सरांना नीटसं कळलं नाही. पण त्यांनी हात पुढे केले.