चुलीवरचा आळ

धुरपताबाईंच्या नातीचं, भक्तीचं, शाळेत नाव घातलं त्या वर्षीची गोष्ट. त्याच शाळेत, राणीसावरगावच्या अलीकडच्या गावात, धुरपताबाई चुलीवर पोरांची खिचडी शिजवायच्या. वर्गातली पोरं सकाळपासून जांभया द्यायची, कुणाचं डोकं दुखायचं. पालक बोलायला लागले तसं हेडमास्तर माणिकराव गुरुजींनी चुलीकडं बोट दाखवलं. वर्गाच्या खिडक्यांना त्यांनी स्वतःच खिळे ठोकले होते. उघड्या राहिल्या की पोरं बाहेर बघतात म्हणून.

हवा मोजायचं यंत्र घेऊन परभणीहून सुकेशनी मॅडम येणार असं ठरलं. दोष चुलीचा निघाला की धुरपताबाईंचं काम जाणार, हे गुरुजींनी सांगून ठेवलं होतं.

पाहुण्या येणार म्हणून गुरुजींनी ऑफिस फिनेलनं पुसून घेतलं, टेबलाला वार्निश दिलं, वर धूळ बसू नये म्हणून खिडकी लावून टाकली. मग वास डोक्यात जायला लागला. गुरुजी धुपाटणं घेऊन चुलीपाशी आले.

"बाई, इस्तू द्या. ऑफिसात ऊद घालायलोय."

खिचडी उतरलीच होती. धुरपताबाईंनी चूल झाडून सगळे निखारे दिले. "न्या गुरुजी. चूल हाय तवर न्या."

मॅडमनी ऑफिसात यंत्र ठेवलं अन् ते ओरडायलाच लागलं. चुलीचा धूर आत यायलाय, म्हणत गुरुजींनी दाराच्या फटीत पोतं कोंबलं. यंत्र आणखी जोरात ओरडलं. दोघं खोकत, डोळे पुसत बाहेर पडले. वर्गात चुलीचा धूर पोचत नव्हता, तरी कोंडलेल्या हवेनं यंत्र तिथंही ओरडलं. पोरं मात्र त्या आवाजानं टक्क जागी झाली.

शेवटी स्वयंपाकाची शेड. दार वावटळीत गेलेलं, एका बाजूचा पत्राही उडालेला. यंत्र गप्प. गुरुजींनी ते हलवून पाहिलं.

"बिघडलं काय हो मॅडम?"

"चांगलं चालू आहे. श्वास घ्यायला तुमच्या शाळेत जागा आहे ती एवढीच."

वार्निशचा वास जाईपर्यंत गुरुजींची खुर्ची शेडमध्ये आली. धुरपताबाईंनी त्यांच्यापुढं लसणाची पाटी सरकवली.

"बसल्या बसल्या सोला. अन् लेकरायच्या खिडक्या कवा उघडता?"

दुपारीच खिळे निघाले. पोरं बाहेर बघायला लागली ती थेट चुलीकडं, खिचडी कुठवर आली ते. जांभया थांबल्या, अभ्यासाचं गुरुजींनाच ठाऊक.

धुरपताबाई मागच्या पौषात वारल्या. त्या दिवशी पोरं खिडकीतून थंड चुलीकडं बघत बसली, अन् गुरुजींनी कुणालाच हटकलं नाही.